मदत हवी आहे: वहिनीची तक्रार, पोलिसांचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप आणि ६८ वर्षांची आई

दहिसर_स्लो

घरचा मामला आहे म्हणून नवा आयडी काढलाय, अ‍ॅडमिननी सांभाळून घ्यावं.

दादा-वहिनीच्या लग्नाला सात वर्षं झाली, मुलगी चार वर्षांची. घर भांडुपला, वन बीएचके. बाबांनी घेतलेलं, ते गेल्यावर आईच्या नावावर झालं. मी लग्नानंतर दहिसरला. गणपतीनंतर वहिनी मुलीला घेऊन माहेरी गेली ती आलीच नाही. माहेर घाटावर, तालुक्याचं गाव आहे. मध्ये फोनाफोनी, मामांची मध्यस्थी, सगळं झालं.

काल दुपारी दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. जसाच्या तसा देते: "आपणाविरुद्ध तक्रार अर्ज प्राप्त आहे. आपण, आपली आई व बहीण यांनी सोमवारी सकाळी ११ वाजता पो. ठाण्यात हजर राहावे, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल." खाली हवालदारांचं नाव आणि नंबर. शिक्का नाही, जावक क्रमांक नाही, कुठलं कलम तेही नाही.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालते. एसटीत पाच-सहा तास ती बसूच शकत नाही. कालपासून तिचं एकच चाललंय, "मला पण नेतील का गं?"

वहिनी खोटं बोलतेय असं मी इथे म्हणणार नाही. दादाचा राग मी लहानपणापासून पाहिलाय. आईनेही लग्नातल्या मानपानावरून तिला बरंच ऐकवलंय. पण माझं नाव कशाला, ते कळत नाही. मी त्या घरात राहातही नाही.

जाणकारांनी सांगावं: असा निरोप आला की जावंच लागतं का? मुंबईचं प्रकरण घाटावरच्या ठाण्यात कसं? आईला अटक होऊ शकते का? आणि अजून एक, दादाने मागच्या आठवड्यात दाराचं लॅच बदललंय. "घर आईचं आहे, तिचा काय संबंध" म्हणतो. हे चालतं का?

---

चौथी_सीट

ताई, फोन बंद करा आणि सगळे आठवडाभर कुठेतरी निघून जा. तोवर वकील गाठून अटकपूर्व जामीन घ्या. ४९८ (बायकोच्या छळाचं कलम) लागलं की आधी आत टाकतात, मग विचारतात. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या म्हाताऱ्या आईबापांना उचललं होतं. आजकाल निम्म्या केसेस खोट्याच असतात.

---

काळा_कोट

चौथी सीट, थांबा जरा. फोन बंद करून पळणं हा अटक ओढवून घ्यायचा सर्वात सोपा मार्ग आहे.

दहिसर स्लो, वकिली करतो म्हणून लिहितोय. कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे शेवटी आपला वकील गाठाच.

आधी शब्द नीट पाहा. निरोपात "तक्रार अर्ज" आहे, "गुन्हा" नाही. अर्जावर पोलीस आधी चौकशी करतात, दोन्ही बाजूंना बोलावतात, बहुतेक वेळा महिला कक्षात किंवा भरोसा सेलमध्ये (अशा तक्रारींसाठीचा पोलिसांचाच कक्ष) समुपदेशनाला पाठवतात. नवरा-बायकोच्या वादात गुन्हा नोंदवण्याआधी अशी प्राथमिक चौकशी करायला सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात मुभा दिली आहे. तेव्हा आधी कळायला हवं की अर्जच आहे की गुन्हा दाखल झालाय. भावाने त्याच नंबरवर फोन करावा. आवाज चढवायचा नाही, विचारायचं फक्त एवढंच: अर्ज क्रमांक काय, गुन्हा असेल तर नंबर आणि कलमं काय, तपास कोणाकडे. उत्तर वहीत तारीख-वेळ घालून लिहून ठेवा.

आता व्हॉट्सअ‍ॅप. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी (फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा) जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. अटक न करता हजर राहायची नोटीस आता कलम ३५(३) खाली निघते, जुनं ४१अ तेच. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावायची नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात पोलिसांना बजावलंय. म्हणजे तुम्हाला आलेली ती नोटीस नव्हे. पण म्हणून निरोप दाबून बसायचं नाही. लेखी उत्तर द्यायचं: निरोप मिळाला, सहकार्याची तयारी आहे, रीतसर नोटीस पत्त्यावर पाठवावी.

रीतसर नोटीस आली तर मात्र भावाला जावंच लागेल. नोटीस पाळत असलेल्या माणसाला सहसा अटक करता येत नाही, करायची तर पोलिसांनी कारणं लिहायला हवीत. न पाळणाऱ्याला करता येते. नवरा-सासरच्यांना सरसकट उचलायचं नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालात सांगितलं, आणि तो निकालच मुळी ४९८अ वरचा होता.

आईंबद्दल. नव्या सुरक्षा संहितेचं कलम १७९ (जुनं १६०) म्हणतं की कुठल्याही वयाच्या बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला, साठीपुढच्या पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहायला लावता येणार नाही. विचारायचं असेल तर पोलिसांनी घरी यावं. तुम्हालाही हे लागू आहे, फक्त आईंना नाही. शिवाय त्याच कलमात अधिकाऱ्याची हद्दही ठरवून दिली आहे, स्वतःचं ठाणं किंवा लगतचं ठाणं. घाटावरच्या ठाण्याच्या लगत भांडुप येत नाही. कोणी म्हणेल हे कलम साक्षीदारांसाठी आहे, आरोपींना कुठे. तर १९७८ साली ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथींच्या प्रकरणात त्या स्वतः आरोपी होत्या, तरी बाईला ठाण्यात बोलावल्याबद्दल सुप्रीम कोर्टाने पोलिसांना फटकारलं होतं. बाकी सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी, तिन्ही लागतं. आईंना एवढं सांगा आणि रात्री झोपू द्या.

हद्दीचं म्हणाल तर छळ होऊन घर सोडलेली बाई जिथे आसऱ्याला गेली तिथे तक्रार देऊ शकते. सुप्रीम कोर्टाचा रूपाली देवी निकाल, २०१९. "मुंबईला येऊन कर म्हणावं" हा मुद्दा सोडून द्या.

लॅचचं संध्याकाळी लिहितो, आता कोर्टात बोर्डावर माझ्या केसचा नंबर येतोय.

---

पावशेर_भेंडी

काळा कोट यांनी कायदा सांगितला, मी दुसऱ्या बाजूने सांगते, कारण मी ती "वहिनी" आहे. माझी केस उपनगरातल्या एका कोर्टात चालली.

"निम्म्या केसेस खोट्या" लिहिणाऱ्यांनी कधी ठाण्यात बाईबरोबर बसून बघावं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एनसी लिहून हातात कागद दिला. घरगुती भांडण आहे, समजुतीने घ्या. एनसी म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्यावर तपासच करत नाहीत. छळाचं कलम दखलपात्र आहे हे मला वकिलाने नंतर सांगितलं. तुमच्या वहिनीच्या गावात अर्ज निदान पुढे तरी सरकला.

दहिसर स्लो, राग मानू नका. तुम्ही दादाचा राग पाहिलाय म्हणता, आईचे टोमणे ऐकलेत म्हणता. मग पोलीस घरी येऊन विचारतील तेव्हा काय सांगणार आहात, ते आत्ताच ठरवा. नणंद त्या घरात राहत नाही, त्यामुळे तिचं नाव बहुतेक वेळा गाळलंही जातं. पण साक्षीदार म्हणून तुमचं बोलणं वजनाचं ठरेल, दोन्ही बाजूंनी.

लॅच बदलल्यावर मी जिन्यात बसून होते. हातात पोरीचं दप्तर. सेक्रेटरी खालून वर आले आणि म्हणाले, "मॅडम, सोसायटीत तमाशा नको." त्यामुळे त्या लॅचबद्दल मला फार बोलायचंय पण थांबते.

---

चौथी_सीट

सरसकट बोललो, मागे घेतो. उचललं होतं ते मात्र खरं आहे.

---

काळा_कोट

उचललं असेल, नाही म्हणत नाही. म्हणूनच अर्नेश कुमार पाठ करून ठेवा म्हणतो. अटक झालीच तर कारणं सांगायची, नातेवाइकाला कळवायचं, २४ तासांत कोर्टापुढे उभं करायचं, यातलं काहीही पोलिसांच्या मर्जीवर नाही. चौकशी सुरू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र पूर्ण वेळ वकील शेजारी बसवता येत नाही.

आता लॅच. भावाला सांगा, आज रात्रीच जुनं लॅच लावावं किंवा नव्याची चावी वहिनीला पाठवावी. घर आईंचं असलं तरी सून लग्न करून तिथे नांदली आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात याला सामायिक घर म्हणतात, तिथून तिला मनमानी बाहेर काढता येत नाही. २०२० पर्यंत सासूसासऱ्यांच्या नावावरच्या घरात सुनेला हक्क नाही असं धरून चालायचे. सुप्रीम कोर्टाच्या सतीश चंदर आहुजा निकालाने ते पालटलं, नाव कोणाचंही असो. लक्षात घ्या, तिला राहायचा हक्क मिळतो, मालकी नाही. तिने त्याच घरात राहावं असंही नाही, कोर्ट तेवढ्याच दर्जाची दुसरी जागा किंवा भाडं द्यायला लावू शकतं. पण ते कोर्टाने ठरवायचं, कुलूपवाल्याने नाही. उद्या ती कोर्टात गेली तर दादाविरुद्धचा सगळ्यात ठळक पुरावा ते लॅचच असेल, आणि तो त्याने स्वतःच्या पैशाने बसवलाय.

---

दहिसर_स्लो

सगळ्यांचे आभार. पावशेर भेंडी, राग कसला, तुमचं वाचून दोन वेळा चहा गार झाला.

आज दादाने फोन केला, मी स्पीकरवर ऐकत होते. हवालदार चांगले बोलले. गुन्हा अजून नाही, अर्जच आहे. महिला कक्षात तीन बैठका होतील, जमलं नाही तर "पुढची प्रोसेस". आईचं सांगितलं तर म्हणाले, "ताई, आजींना आणू नका, पण मेडिकल पेपर पाठवा." म्हणजे निरोपातली धमकी छापील साच्यातली होती बहुधा.

दादा दोन गोष्टींवर अडलाय. त्याला कोणीतरी सांगितलं की हायकोर्टात ४८२ टाका, सगळं एका झटक्यात रद्द होतं. आणि मुलगी. "माझी पोर मला बघू देत नाहीत, मी आधी बांद्र्याला कस्टडीची केस टाकतो" म्हणतो. चावीचं आईने ऐकवलं त्याला, गुरगुरत का होईना ऐकलं.

---

काळा_कोट

४८२ चा घोळ सध्या रोज ऐकतो. जुन्या सीआरपीसीत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करायचा हायकोर्टाचा अधिकार, आता तो ५२८. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जुना ४३८. सांगणाऱ्याला नक्की कुठलं अभिप्रेत होतं देव जाणे, पण आजच्या घडीला दोन्ही उपयोगाचं नाही. गुन्हाच नाही तर रद्द काय करणार?

उद्या गुन्हा दाखल झालाच तर अटकपूर्व तिकडच्या सत्र न्यायालयात मागावा लागेल. लगेच तिकडे जाणं शक्य नसेल तर मुंबईतल्या सत्र न्यायालयात किंवा हायकोर्टात थोड्या मुदतीचा ट्रान्झिट अटकपूर्व मागता येतो. २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यता दिली, तेही नवरा-बायकोचंच भांडण होतं. गुन्ह्यात तुमचं नाव आलं आणि आरोप नुसते "सासरच्या सर्वांनी छळ केला" अशा मोघम शब्दांत असले, तर तुमच्यापुरता गुन्हा रद्द करायला हायकोर्टात जाता येईल. मोघम आरोपांवर सासरच्या नातेवाइकांना गोवू नये असं कोर्टांनी वारंवार म्हटलंय, कहकशां कौसर २०२२, दारा लक्ष्मी नारायण २०२४. भावाला यातून काही मिळत नाही, त्याच्यावरचे आरोप तारीखवार असणार. छळाचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) ८५. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना मात्र जुनंच ४९८अ लागेल, शिक्षा दोन्हीकडे तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे कागदावर दोन्ही दिसली तर घाबरू नका.

मुलगी चार वर्षांची आहे ना? पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच राहावं असं १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा सांगतो. शिवाय ताब्याचा अर्ज मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात करायचा असतो, वांद्र्याला टाकला तर पहिला वाद हद्दीवरच होईल. घटस्फोटाची केस दादा वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात टाकू शकतो, दोघं शेवटचे एकत्र मुंबईत राहिले म्हणून. पण वहिनी हायकोर्टात जाऊन ती आपल्या गावाकडे बदलून मागेल आणि लहान मूल असलेल्या बाईची सोय कोर्ट आधी पाहतं. मी दादाचा वकील असतो तर आत्ता कुठलीच केस टाकू दिली नसती. महिला कक्षाच्या पहिल्या बैठकीत एकच लेखी मागणी: आठवड्यातून ठरलेल्या दिवशी व्हिडिओ कॉल आणि महिन्याला प्रत्यक्ष भेट. आणि मुलीच्या खर्चाचे पैसे न मागता, आजपासून, बँकेतून. रोख नाही. पोटगीचा अर्ज आला की दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं (रजनेश विरुद्ध नेहा, २०२०) आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात. आता पाठवलेले पैसे वाया जात नाहीत.

मोबाइलमधलं काही डिलीट करू नका. दादाने चिडून पाठवलेलेही नाही. तिच्या फोनमध्ये ते असणारच, इकडून पुसलं तर फक्त पुसल्याचं दिसेल.

---

पावशेर_भेंडी

पैसे बँकेतून, याला हजार वेळा हो. माझा नवरा कोर्टात म्हणाला की मी दर महिन्याला रोख देत होतो, आणि साक्षीला आपलाच मित्र आणला.

एक राहिलं. वहिनीला वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. नंबर १५१००. आणि हो, तुमच्या आईही बाईच आहेत, तुम्हीसुद्धा. त्याच नियमाने तुम्हा दोघींनाही मिळेल. एकाच प्रकरणात सासू आणि सून दोघींना सरकारी वकील, आमच्या कोर्टात पाहिलंय मी.

---

निवृत्त_नाझर

सगळी नोकरी कोर्टात झाली, वकील नव्हे. कागदाचं सांगतो.

पोलिसांना द्यायचं पत्र अर्ध्या पानाच्या वर नको. विषय: आपला दि. अमुकचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश. मजकूर: संदेश मिळाला, चौकशीत सहकार्य करू, आईचं वय व शस्त्रक्रिया यामुळे त्या व मी कलम १७९ प्रमाणे राहत्या पत्त्यावर उपलब्ध आहोत, भाऊ अमुक तारखेला हजर राहील. दोन्ही पत्ते, फोन. डॉक्टरांच्या कागदाची प्रत, मूळ कागद कधीही देऊ नका. "माझ्या भावाने काहीही केलेलं नाही" वगैरे एक ओळ नको. स्पीड पोस्टाने पाठवा, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं. पोचपावती जपा. भाऊ जाईल तेव्हा एक प्रत बरोबर नेऊन तिच्यावर आवकचा शिक्का घेईल.

महिला कक्षातल्या जबाबावर वाचल्याशिवाय सही नाही. हे अर्जाच्या चौकशीपुरतं. गुन्हा दाखल झाल्यावर तपासात पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ (जुनं १६२). सही मागणारे भेटतात.

---

दहिसर_स्लो

पत्र गेलं. चावी दादाने मामांच्या हाती पाठवली, वहिनीने घेतली आणि "मिळाली" एवढा मेसेज केला. इतक्या दिवसांत दादाला तिचा आलेला हा पहिला मेसेज.

शेवटचं विचारते. वहिनीचे दागिने, माहेरचे आणि आम्ही घातलेले, बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. लॉकर आई आणि वहिनी दोघींच्या नावावर, दोघींपैकी कोणीही उघडू शकतं. चावी आईकडे. आई म्हणते, "मी उद्या जाऊन तिचे तिला काढून ठेवते, म्हणजे देता येतील." दादा म्हणतो, आम्ही घातलेले आपले.

---

काळा_कोट

आईंना म्हणावं, एकटीने लॉकर उघडू नका. त्यांचा हेतू कितीही चांगला असो, बँकेच्या नोंदवहीत फक्त त्यांची सही राहील आणि उद्या एक पाटली कमी निघाली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

दादाचं म्हणणं चूक आहे. लग्नात आणि नंतर तिला घातलेले दागिने, माहेरचे असोत की सासरचे, तिचं स्त्रीधन. अडवून ठेवले तर विश्वासघाताचा गुन्हा होतो, १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून हे पक्कं आहे.

बैठकीतच लेखी कळवा की वहिनी म्हणेल त्या दिवशी लॉकर दोघींसमोर उघडू. माहेरचं एक माणूस, इकडचं एक. बाहेर काढताना प्रत्येक दागिन्याचा फोटो, यादी दोन प्रतींत, दोघींच्या सह्या. मंगळसूत्राच्या वाट्या, जोडवी, मुलीच्या बारशाची साखळीसुद्धा यादीत घ्या, भांडणं नेमकी त्यावरून होतात. त्यानंतर लॉकरवरचं आईंचं नाव काढून घ्या.

---

दहिसर_स्लो

साखळी लॉकरमध्ये नाही, ती मुलीच्या गळ्यात आहे. यादीत तसं लिहू.